सातवी टीप

ग्रंथपालबाईंचा फोन आला तेव्हा मी थर्मामीटरचा विचार करत होते. सकाळी ठकीला पाळणाघरात सोडताना आकडा नव्व्याण्णवच्या जरा वर होता. ताप म्हणावा तर नाही, आणि नाही म्हणावं तर जीव मानत नाही, असा. पाळणाघराच्या मावशी म्हणाल्या होत्या, "जा गं तू, दात येतायत." दीड वर्षाच्या मुलीला काहीही झालं तरी लोक ते दातांवर ढकलतात.

"अगं, तुमच्या पाहुण्या वकीलबाई आज निघणार ना?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यांच्या खटल्याच्या निकालाचा खंड काढून ठेवलाय मी. तुमच्या पुस्तिकेशेजारी काचेच्या कपाटात मांडू का? जाता जाता बघतील. बरं वाटेल त्यांना."

"कुठला खटला?"

"तूच लिहिलायस की. सातवी टीप. खंड उघडला, तर बचावाला एकच वकील. नाव वाचलं आणि म्हटलं, या तर आपल्या पाहुण्या! चार मिनिटं लागली असतील नसतील."

मी काय उत्तर दिलं ते धड आठवत नाही. 'मांडू नका' एवढं नक्की म्हणाले, कारण त्या म्हणाल्या, "बरं बाई, नाही मांडत. ओरडतेस काय?"

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या कायद्याच्या कॉलेजात आशिया विधी मंडळ नावाचं विद्यार्थ्यांचं मंडळ आहे. वीसेक सभासद. आशियातल्या देशांचे कायदे वाचायचे, तिथले वकील-प्राध्यापक बोलवायचे, मंगळवारी एकमेकांच्या भाषा शिकायच्या, वर्षातून एकदा खोटा खटला उभा करून खऱ्यासारखं भांडायचं, आणि शेवटी या सगळ्याचा वृत्तांत पुस्तिका काढून वाटायचा. वृत्तांत मी लिहिते. नोंदचिटणीस. लग्न, मग ठकी, असं करत चार वर्षांनी पुन्हा वर्गात येऊन बसले, त्यामुळे मंडळात वयाने सगळ्यांत मोठी. अध्यक्ष मला आईसाहेब म्हणतो. तो स्वतः तेवीस वर्षांचा आहे, पण बोलतो पेन्शन सुरू झाल्यासारखा, म्हणून त्याला सगळे तात्या म्हणतात. आणि मुद्रितं तपासते ती गाळणी, कारण तिच्या हातून चुकीचा स्वल्पविरामसुद्धा खाली पडत नाही.

मंडळाचे दोन नियम आहेत. पहिला बंद दाराच्या बैठकीचा. ज्या पाहुण्याला आपल्या देशात उघड बोलता येत नाही, तो आमच्या खोलीत दार लावून बोलतो. दारामागे पाटी आहे: 'बोललेलं न्या, बोलणाऱ्याला नेऊ नका.' ती पाटी मीच रंगवली आहे. दुसरा नियम गाळणीचा, खरं तर सगळ्याच कायदेवाल्यांचा: टीप नसेल तर वाक्य नाही. काहीही म्हणा, पण ते कुठून घेतलं ते पानाच्या तळाशी लिहा.

दोन्ही नियम चांगले आहेत. दोन्ही मी पाळले.

वकीलबाई पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. दोन उघडी व्याख्यानं आणि एक बंद दाराची बैठक. बैठकीत त्यांनी सांगितलं की, त्यांच्या देशात एका खटल्याच्या वेळी, युक्तिवादाच्या आदल्या दिवशी, कोर्टातल्या कारकुनाने चुकून त्यांच्या फाइलीत एक कागद घातला. तो निकाल होता. टाइप झालेला, शिक्षेसकट, खाली दुसऱ्या दिवसाची तारीख. दुसऱ्या दिवशी त्या तीन तास बोलल्या आणि न्यायाधीशांनी तोच कागद वाचून दाखवला. हे त्या तोवर कुणापाशी बोलल्या नव्हत्या. तिकडे कळलं तर सनद जाते, आणि नुसती सनदच गेली तर नशीब म्हणायचं, असं त्या हसत हसत म्हणाल्या. बैठकीत आम्ही अकरा जण होतो. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी पाळणाघर बंद होतं आणि ठकी माझ्या मांडीवर होती. ती पेन ओढत होती, मी एका हाताने लिहीत होते. वकीलबाई बोलता बोलता उठल्या, तिला कडेवर घेतलं आणि पुढचं सगळं तिला झुलवत सांगितलं. "तुला दोन्ही हात लागतील," एवढंच मला म्हणाल्या. नंतर मी तो निकाल वाचायला मागितला, तर त्यांनी एका चिठ्ठीवर न्यायालय, क्रमांक आणि साल लिहून दिलं. "तुझ्यापुरतं हं."

मग मी वृत्तांत लिहिला. 'एका वकिलांनी सांगितलं' असं काटेकोर लिहिलं. नाव नाही, देश नाही, बाई की पुरुष तेही नाही. गाळणीने समासात लाल शाईने लिहिलं, 'स्रोत?' आणि मी, झोपलेली ठकी खांद्यावर, चिठ्ठी समोर, एका बोटाने टीप टाइप केली. न्यायालय, क्रमांक, साल. एकोणिसावं पान, सातवी टीप. गाळणीने बरोबरची खूण केली. तात्याने सही केली. सल्लागार सरांनी वर 'उत्तम' लिहिलं, जे ते न वाचताच लिहितात. वर्षभर माझी कुरकुर हीच होती, की मरमर करून टिपा लिहायच्या आणि मेलं कुणी वाचत नाही.

त्या सकाळी दहाला निरोपाचा चहा झाला होता. चाळीस प्रती छापून आणल्या होत्या, त्या वाटल्या. चहाला वकीलबाईंच्या देशाच्या दूतावासातले एक गृहस्थ आले होते. करडा कोट, मऊ आवाज. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात, प्रश्न विचारत नाहीत, पुस्तिका मात्र आठवणीने मागून घेतात. याही वेळी घेतली होती.

आता सव्वाअकरा झाले होते. वकीलबाईंची टॅक्सी चारला होती. विमान सातला. पलीकडे त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती, मावशीकडे ठेवलेली.

मंडळाची खोली जिन्याखाली आहे, एके काळी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत. मी पोचले तेव्हा तात्या पुस्तिका कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवायची तयारी करत होता. पाच वाजता चढवायची असं ठरलं होतं.

"बंद कर ते," मी म्हटलं. "फाइल काढून टाक. आत्ता."

"आईसाहेब, आधी श्वास घ्या. घरी सगळं बरं ना? ठकाबाई?"

"सातवी टीप वाच."

त्याने वाचली. गाळणीने त्याच्या खांद्यावरून वाचली. तिचा चेहरा असा उतरत गेला की मला माझ्याआधी तिचीच दया आली.

"स्रोत मी विचारला होता," ती म्हणाली. "ताई, मीच विचारला."

"आणि मी दिला."

"आणि मी सही ठोकली," तात्या म्हणाला. "वा. बाईंना बोलतं केलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पाटीखाली टांगून ठेवली." मग जरा थांबून, "पण खरं सांगा, टिपा वाचतं कोण?"

"ग्रंथपालबाईंनी वाचली."

"त्या ग्रंथपाल आहेत, त्यांचं सोडा. माणसं वाचतात का?"

"तो करडा कोट वाचत असला तर?"

तात्याने फाइल काढून टाकली, कचऱ्यातूनही काढली, मग पुन्हा दोनदा बघितलं. गाळणी बोटांवर नावं मोजत होती. सकाळी कुणाकुणाला प्रत दिली याची यादी होती माझ्याकडे, मी कशाचीही यादी ठेवते.

"गोळा करू," ती म्हणाली. "कारण काय सांगायचं?"

"पान उलटं बांधलं गेलंय म्हणून," तात्या म्हणाला.

"आणि वकीलबाईंना?" मी विचारलं.

"त्यांना कशाला काही?" तात्या म्हणाला. "चाळीसच्या चाळीस हाताला लागल्या की विषय संपला. घरी निघालेल्या माणसाच्या जिवाला उगाच घोर लावायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आईसाहेब."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, फार पटलं.

पुढचे तीन तास आम्ही तिघं कॉलेजभर हिंडलो. एरवी मी जिना चढताना कठडा धरते, त्या दिवशी दोन दोन पायऱ्या चढत होते. शेवटच्या वर्षाची मुलं बाकांवर पसरली होती. "पान उलटं लागलंय? आम्ही उघडलीच नाही अजून," एक जण म्हणाला. "आम्हाला सुलटंही उलटंच वाटतं." सल्लागार सरांची प्रत त्यांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सापडली. मी वाकून ती ओढली तर सरांचा चहा सांडला. ते म्हणाले, "इतकी घाई? उत्तम झालंय ते." उपाहारगृहाचे मालक प्रत द्यायलाच तयार होईनात. बाराव्या पानावर त्यांचा फोटो होता, आमच्या खोट्या खटल्याला चहा पुरवतानाचा.

"नवीन देऊ काका."

"नवीन द्याल तेव्हा द्याल. हा गेला तर गेला."

शेवटी गाळणीने पट्टी लावून बारावं पान सरळ रेषेत फाडून त्यांना दिलं आणि बाकीची पुस्तिका उचलली. जाताना म्हणाली, "एवढं जपून कुणी एकोणिसावं पान वाचलं असतं तर!" आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.

अडीचला खोलीत ढीग मोजला. अडतीस. पुन्हा मोजला. अडतीसच.

"एक बाईंकडे आहे," तात्या म्हणाला. "मी त्यांच्या हातात दिली."

"आणि एक कोटवाल्याकडे," मी म्हटलं.

दूतावासात फोन करून पान उलटं लागल्याचं सांगावं का? तर ते त्यांना हातात दिवा देऊन वाट दाखवण्यासारखंच. नाही करावा, तर पुस्तिका तिथे आहे. ठकी आजारी असते तेव्हा मी जशी खोलीभर नजर फिरवते, औषध कुठे, पाणी कुठे, टोकदार काय आहे, तशी मी डोळे मिटून सकाळी चहा झाला त्या कॉलेजच्या दिवाणखान्यात नजर फिरवायला लागले. चहाचा थर्मास. बिस्किटांची बशी. खिडकीची बुटकी कड. त्या कडेवर एक वाफाळता कप, अगदी काठाशी, कपाखाली पुस्तिका.

"तो कप मी उचलला!" मी ओरडले.

"कुठला कप?"

"कोटवाल्याचा. काठावर ठेवला होता. ठकीच्या हाताला लागेल म्हणून उचलला आणि पुस्तिकेसकट कपाटावर ठेवून दिला."

"ठकी तर नव्हती चहाला," गाळणी म्हणाली.

"नव्हती. तरी ठेवला."

आम्ही पळत गेलो. तात्या खुर्चीवर चढला. कपाटावर धूळ, एक थंड कप, आणि त्याखाली पुस्तिका. मुखपृष्ठावर चहाचं गोल वळं. गृहस्थ बहुधा ती तिथेच शोधून, न सापडल्याने तसेच निघून गेले होते.

"एकोणचाळीस!" तात्याने वरूनच जाहीर केलं. "आईसाहेब, तुमच्या काळजीला एक दिवस शासनाने पदक द्यावं. आता बाईंकडे जायचं, 'पान उलटं लागलंय, द्या इकडे' म्हणायचं आणि हात जोडून निरोप द्यायचा. आणि ती घ्यायलाच हवी बरं का. त्यांच्या विमानतळावर बॅगा उघडतात, त्या स्वतःच म्हणाल्या होत्या."

तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. ठकीचा ताप एकशे एकवर गेला होता.

पाळणाघर आणि पाहुण्यांचं निवासस्थान एकाच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या अंतरावर. ठकीला घेऊन निघाले तोवर तीन वाजून गेले होते. ती माझ्या मानेत तोंड खुपसून गरम गरम श्वास सोडत होती. फोन वाजला. सासूबाई. पाळणाघराने त्यांनाही कळवलं होतं.

"घेतलंस का तिला?"

"घेतलं आई. डॉक्टरांकडे नेतेच आहे. फक्त वाटेत दहा मिनिटं एका ठिकाणी..."

"वाटेत कुठे?"

"मंडळाच्या पाहुण्यांकडे."

"अगं, तुझा आशिया काय पळून जातोय का? हजारो वर्षं आहे तिथेच आहे. लेकरू आधी."

"हो आई." आणि मी निवासाच्या फाटकातून आत वळले.

आयुष्यात मला एवढं दुभंगल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. एक मुलगी खांद्यावर तापली होती, दुसरी कुठल्या तरी गावात आईची वाट बघत होती, आणि दोघींच्या मध्ये मी टाइप केलेल्या दोन ओळी.

वकीलबाईंच्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती. खुर्चीच्या पाठीवर मोजे वाळत घातलेले. मी आत पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी ठकीला माझ्याकडून घेतलं, कपाळाला गाल लावला आणि म्हणाल्या, "ही तर भाजतेय."

"दात येतायत म्हणतात."

"कोण म्हणतं? कान बघून घे हिचा. डावा. बघ, हात सारखा तिकडेच नेतेय." मग बॅगेतून एक पत्र्याची चपटी डबी काढून दाखवली. "बरं झालं आलीस, एक सांग. मुलीला कंपासपेटी घेतलीय. कर्कटकाचं टोक आहे, हातातल्या सामानात चालेल की अडवतील? उगाच तिथे वाद नको."

त्या टोकाची काळजी करत होत्या. कपड्यांच्या थरावर, वरच, आमची पुस्तिका ठेवलेली होती.

"मोठ्या बॅगेत टाका," मी म्हटलं. "आणि ती पुस्तिका... तिच्यात एक पान..."

पान उलटं लागलंय. एवढंच म्हणायचं होतं. त्या तेवढ्यात ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "बस ना. हात मोकळे आहेत तोवर पाणी तरी पी."

मी पाणी प्यायले नाही. सगळं सांगितलं. चिठ्ठी, लाल शाई, सातवी टीप, ग्रंथपालबाईंची चार मिनिटं, टेबलाचा पाय, कपाटावरचा कप. पान उलटं लागल्याचं सांगायला आले होते, हेही सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. मोजे पाठीखाली चुरगळले तरी उठल्या नाहीत. एका हाताने एकोणिसावं पान काढलं आणि वाचलं.

"क्रमांक बरोबर आहे," म्हणाल्या. "साल पण. ती तुमची गाळणी मुलगी हुशार आहे."

मला रडू आलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"रडू नंतर. किती प्रती?"

"चाळीस. हिच्यासकट सगळ्या मिळाल्या."

"प्रती मोजल्यास. वाचणारे मोजलेस?"

मी खिशातली यादी चाचपली.

"त्या गृहस्थांच्या हातात ती किती वेळ होती?"

"दहाला दिली. साडेदहाच्या सुमाराला मी कप उचलला."

"कप ठेवला तेव्हा पुस्तिका मिटलेली की उघडी?"

"मिटलेली. डाग मुखपृष्ठावर आहे."

"त्याआधी?"

"माहीत नाही."

"तू त्यांच्याकडे बघत होतीस ना? तू तर सगळ्यांकडे बघत असतेस."

"मी कपाकडे बघत होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, साक्षीदार खरं बोलतोय हे कळल्यावर हलवतात तशी. मग ठकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घड्याळात सव्वातीन, तीन वीस. मला वाटलं आता म्हणतील, जात नाही.

"जाऊ नका," मीच म्हणाले. "थांबा काही दिवस. सरांना सांगून आमंत्रण वाढवू. मुलीला इकडे..."

"पंधरा दिवसांसाठी आलेली बाई परत आली नाही, की लोक विचारतात, का नाही आली? आणि मग शोधतात. आज तुझी टीप वाचायला कुणाला कारण नाही. मी थांबले तर मी ते कारण देईन." मग कंपासपेटीकडे बघून, "आणि ही कोण देणार तिला? पुढच्या आठवड्यात भूमितीची परीक्षा आहे. तिला वर्तुळं जमत नाहीत."

त्यांनी एकोणिसावं पान हळूच फाडून माझ्या हातात दिलं. उरलेली पुस्तिकाही दिली.

"ऐक आता. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मी तुला निरोप पाठवीन. काहीतरी साधंच. मग दर रविवारी. एखाद्या रविवारी आला नाही, तर ही टीप पुन्हा घाल. या वेळी नावासकट. सगळं, मी त्या दिवशी बोलले ते सगळं, जिथे जिथे तुमचं मंडळ पत्रं पाठवतं तिथे पाठव."

"नावासकट?"

"मी बाहेर आहे तोवर गप्प राहणं माझ्या कामाचं. मी आत गेले की ते फक्त त्यांच्या कामाचं."

"पण हे माझ्यावर कशाला? मीच तर घोळ घातलाय. तात्याला सांगा, सरांना..."

"सर उत्तम म्हणतील," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "तुझ्यावरच. ज्याच्या काळजात एकदा धस्स झालंय, तो रविवार विसरत नाही."

टॅक्सी दहा मिनिटं आधीच आली. मी बॅग धरायला वाकले तर म्हणाल्या, "तू हिला धर." ठकीला माझ्या हातात देताना तिच्या डाव्या कानामागे बोट टेकवून बघितलं. "दात नाहीत हे. डॉक्टरांना ठासून सांग." गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून त्यांनी हात केला की केस मागे सारले, ते मला कळलं नाही.

डॉक्टरांनी डाव्या कानात दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, "कान सुजलाय. दात म्हणून बसला असतात तर अवघड झालं असतं."

शुक्रवार गेला. शनिवारी ठकी जरा उठून बसली, माझं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. नवरा म्हणाला, "तू तिच्यासाठी जागतेस की आणखी कुणासाठी?" त्याला सांगितलं. त्याने माझा फोन उचलून चार्जरला लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

रविवारी दुपारी तात्या आणि गाळणी आमच्या घरी आले. गाळणीने लॅपटॉपमध्ये पत्र तयार ठेवलं होतं. वकीलबाईंचं पूर्ण नाव, त्या कागदाची हकीकत, खाली टीप. चाळीस ठिकाणचे पत्ते. फक्त पाठवायचं बाकी. सासूबाईंनी दाराशी येऊन विचारलं, "परीक्षा आहे का रे तुमची?"

"हो आजी," तात्या म्हणाला. "तोंडी."

पाच वाजले. सव्वापाच. तात्या एरवी बिस्किटांचा पुडा एकटा संपवतो, त्या दिवशी हातातलं एकच बिस्किट त्याने तीन कडांनी कुरतडत ठेवलं होतं. गाळणीने पत्रातला एक स्वल्पविराम काढला, मग परत घातला. साडेपाचला मी फोन उचलून बघितला, चालू आहे ना. पावणेसहाला तात्या म्हणाला, "तिकडचं घड्याळ आणि इकडचं घड्याळ एकच धरलंय ना आपण?" हे मी विचारलंच नव्हतं. "इकडचं," मी म्हटलं, "इकडचंच असणार," आणि ते कुणी नाकारलं नाही.

सहाला आठ मिनिटं असताना फोन वाजला. ठकी दचकली.

निरोप तीन शब्दांचा होता. 'कान कसा आहे?'

तात्या खुर्चीतच मागे कोसळला. "सुटलो!"

"थांब," गाळणी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हे त्यांनीच लिहिलंय कशावरून? फोन कुणाच्याही हातात असू शकतो. स्रोत?"

मी पुन्हा वाचलं. स्वतःबद्दल अक्षर नव्हतं. पोचले नाही, बरी आहे नाही, मुलीचं नाव नाही. पण कानाचं बोलणं झालं तेव्हा त्या खोलीत तीनच माणसं होती आणि त्यातल्या एकीला बोलता येत नाही.

"त्याच आहेत," मी म्हटलं.

गाळणीने लॅपटॉप मिटला. पत्र पुसलं नाही. मी एकोणिसावं पान पाकिटात घालून कपाटावर ठेवलं, अगदी मागे, भिंतीला टेकवून. ठकी हल्ली खुर्चीवर चढायला शिकली आहे.

मग मी उत्तर लिहिलं. 'कान बरा आहे. ताप उतरला. कंपासपेटी आवडली का?' पाठवल्याबरोबर पोचल्याची खूण उमटली. आम्ही तिघं त्या खुणेकडे बघत बसलो. सासूबाईंनी दिवा लावला, ठकीने तात्याचं कुरतडलेलं बिस्किट पळवलं, आणि उत्तर आलं नाही. रविवारचा निरोप तर आला होता. एवढंच ठरलं होतं. पुढचा रविवार सात दिवसांवर आहे.